इच्छाशक्ती कमी पडते म्हणजे नेमके काय कमी पडते?

मयेकाठ (डिचोली) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला, वय 30. सीए फायनलच्या पहिल्या ग्रुपने मला सलग तीन वेळा हुलकावणी दिली आहे. या परीक्षेची माहिती नसलेल्यांसाठी सांगतो, की प्रत्येक पेपरात किमान 40 गुण आणि ग्रुपची बेरीज 50 टक्के, या दोन्ही अटी एकाच खेपेस पुऱ्या व्हाव्या लागतात. या वेळी मला 52, 47 आणि (ऑडिटला) 44 गुण मिळाले. कोणत्याही पेपरात गचकलो नाही, पण बेरीज 143 झाली आणि हवे होते 150. सात गुणांसाठी आता पुन्हा तिन्ही पेपर द्यायचे आहेत.

निकालानंतर घरी आलेल्या प्रत्येकाने एकच गोष्ट सांगितली, की तुझी जिद्द कमी पडली. मोठ्या काकांनी शास्त्रज्ञ डॉ. माशेलकरांच्या बालपणाची गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि खाली लिहिले, ‘वाच आणि विचार कर.’ आई काहीच बोलली नाही, आणि ते मला अधिक लागले.

माझा दिवस असा असतो. पणजीतील एका ऑडिट फर्ममध्ये नोकरी करतो. सकाळी आठची कदंब (सरकारी बस) पकडतो आणि घरी परततो तेव्हा रात्रीचे पावणेआठ झालेले असतात. जेवण आटोपून नऊ वाजता टेबलाशी बसतो, इंड-एएस 115 चे (महसुलाच्या नोंदीविषयीच्या हिशेबमानकाचे) प्रकरण उघडतो आणि पेन्सिलीने पहिल्या परिच्छेदाखाली रेघ मारतो. मग मोबाइलवर एखादा संदेश येतो, तो पाहतो, परत येतो आणि त्याच ओळीखाली पुन्हा रेघ मारतो. त्या परिच्छेदाखाली आता चार रेघा आहेत, चार रात्रींच्या, आणि पाचवी ओळ अद्याप वाचायची आहे. गेल्या चवथीला (गणेश चतुर्थीला) गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाल्यावर मी मनाशी ठरवले होते, की उद्यापासून पहाटे पाचला उठायचे. माटोळीवरच्या सुपाऱ्या वाळण्याआधीच तो निर्धार वाळून गेला.

आणखी एक गोष्ट मनात घोळत राहते. बाबांचे दोन ट्रक खनिज वाहतुकीवर होते. 2012 मध्ये खाणी थांबल्या, मध्ये काही काळ चालल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजांचे नूतनीकरण रद्द केल्यानंतर मार्च 2018 पासून पुन्हा बंद पडल्या. त्या काळात काहींनी ट्रक मिळेल त्या भावात विकून टाकले, तर काहींनी खाणी आज ना उद्या सुरू होतील म्हणून बँकेचे हप्ते भरत दम धरला. बाबा दम धरणाऱ्यांपैकी होते आणि तो दम आमच्या घराला फार महाग पडला. त्यांच्याइतका निश्चयी माणूस मी पाहिलेला नाही.

म्हणून विचारतो. इच्छाशक्ती जन्मजात असते का? दिवसभर राबून ती संध्याकाळी खरोखरच संपते का? आणि कुठवर टिकून राहावे आणि कुठे थांबावे, हे माणसाने कसे ओळखावे?

निवृत्त_मास्तर (फोंडा)

प्रिय मयेकाठ,

तुमच्या काकांनी पाठवलेली गोष्ट मी वर्गात किमान पंचवीस वेळा सांगितली असेल, त्यामुळे तिच्याविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे असे समजतो. शिवाय त्यांचे माशेल हे आमच्या शेजारचे गाव.

डॉ. रघुनाथ माशेलकर यांचा जन्म 1943 चा. वडील लवकर गेले, आणि आईने मुंबईत पडेल ते काम करून त्यांना शिकवले. अनवाणी चालणे, रस्त्यावरच्या दिव्याखालचा अभ्यास, हे सारे त्यांनी स्वतःच सांगितलेले आहे आणि ते खरे आहे. मात्र गोष्ट पुढे पाठवणारे लोक तिचा उत्तरार्ध बहुधा गाळतात. 1960 च्या शालान्त परीक्षेत ते गुणवत्ता यादीत अकरावे आले, तरीही पैशाअभावी शिक्षण सोडण्याचा विचार चालू होता, आणि सर दोराबजी टाटा ट्रस्टची दरमहा 60 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून ते पुढे शिकू शकले. जिद्द त्या 60 रुपयांच्या आधीही तेवढीच होती. त्यांच्या शाळेतल्या भावे सरांनी भिंगाने सूर्यकिरण एकवटून कागद जाळून दाखवला, हा प्रसंगही सर्वांना ठाऊक असतो. मी मुलांना एकाग्रतेचे महत्त्व पटवण्यासाठी तो सांगत असे. निवृत्त झाल्यावर मला त्यात दुसरेच काही दिसू लागले, ते असे, की एका शिक्षकाने भिंग हातात घेऊन मुलांना वर्गाबाहेर उन्हात नेले होते.

हे उशिरा सुचण्याचे कारणही सांगून टाकतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगा होता, जो फेब्रुवारी महिना लागला की पहिल्याच तासाला डुलक्या घेऊ लागे. हुशार होता, पण वार्षिक परीक्षेत दर वर्षी घसरत असे. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात माझ्या वळणदार अक्षरात लिहिले, ‘बुद्धी आहे, निर्धार नाही.’ पुढे एकदा काजूच्या हंगामात त्यांच्या वाड्यावर जाणे झाले. काजूची दारू गाळायची भाटी पेटलेली होती आणि रस उकळणाऱ्या भाण्याखालचा जाळ कमी-जास्त होऊ नये म्हणून हा मुलगा जळणाच्या ढिगावर बसून रात्रभर लक्ष ठेवत होता. जाळ भडकला तर हुर्राक (पहिल्या धारेची दारू) बिघडते आणि मंदावला तर रात्र वाया जाते. तीन महिन्यांच्या त्या कमाईवर घराचे वर्ष निघत असे. चौदा वर्षांचा मुलगा जाळावरून नजर न हटवता पहाटेपर्यंत बसून राहतो, आणि त्याच्याजवळ निर्धार नाही असे मी लेखी दिले होते.

ते प्रगतिपुस्तक मी बदलून दिले नाही. देता आले असते.

तुम्हाला माझा एकच प्रश्न आहे. नऊ वाजता टेबलाशी बसता, ते ठीक. पण झोपता किती वाजता आणि किती तास?

पेडण्याचा_पाहुणा

मोबाइल रात्री नऊ वाजता आईकडे द्यावा आणि सकाळी बसला निघताना परत घ्यावा. हे केल्याशिवाय इच्छाशक्तीविषयी चर्चा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मन_शिकवते (म्हापसा)

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. पाहुण्यांचा सल्ला दोन ओळींचा असला, तरी या विषयावरील संशोधन बऱ्याच वळणांनी जिथे पोहोचले आहे तिथलाच तो आहे, हे आधी नमूद करते.

मयेकाठ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. इच्छाशक्ती वापरल्याने खर्च होते, ही कल्पना 1998 मधील एका प्रयोगामुळे फार लोकप्रिय झाली. रॉय बॉमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुकेल्या विद्यार्थ्यांपुढे ताजी चॉकलेट बिस्किटे आणि मुळे ठेवले. काहींना बिस्किटे खाऊ दिली आणि काहींना त्यांचा वास सहन करत मुळेच खायला लावले. नंतर सर्वांना मुळात न सुटणारी कोडी दिली, तेव्हा मुळे खाल्लेल्यांनी सरासरी 8 मिनिटांच्या आसपास हात टेकले, तर बिस्किटे खाल्लेले सुमारे 19 मिनिटे झगडत राहिले. मोह आवरण्यात त्यांची शक्ती खर्ची पडली, असा निष्कर्ष काढला गेला आणि पुढची पंधरा-वीस वर्षे आम्ही तोच शिकवला. 2016 मध्ये 23 प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांहून अधिक लोकांवर, याच कल्पनेची वेगळ्या कामाच्या आधारे पडताळणी केली, तेव्हा तो परिणाम जवळपास शून्य निघाला. वाद अजून मिटलेला नाही, पण इच्छाशक्तीची टाकी संध्याकाळी रिकामी होते, असे आज ठामपणे म्हणता येत नाही. तुम्ही दमता, हे खरेच आहे. सकाळी आठपासून बाहेर असलेल्या माणसाला रात्री नऊ वाजता झोप येते, यात चारित्र्याचा काही संबंध नाही, आणि मास्तरांनी विचारलेला प्रश्न म्हणूनच सर्वांत महत्त्वाचा आहे.

जन्मजात असते का, याविषयी स्टॅनफर्डमधील वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग सर्वत्र सांगितला जातो. समोरचा खाऊ लगेच न खाता थांबलेल्या बालकांना दुप्पट खाऊ मिळणार होता, आणि जी थांबली ती पुढे अभ्यासात सरस निघाली, असे आढळले. 2018 मध्ये नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर हे पुन्हा तपासले गेले, तेव्हा तो संबंध मूळच्या निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती व त्या मुलांची आधीची बौद्धिक वाढ हिशेबात धरल्यावर त्यातलाही सुमारे दोन-तृतीयांश भाग गळून पडला. मला स्वतःला मिशेल यांच्याच कामातली दुसरी नोंद अधिक मोलाची वाटते, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. खाऊकडे टक लावून बसलेली मुले लवकर हरत. ज्यांनी डोळे झाकले, पाठ फिरवली किंवा गाणे गुणगुणत स्वतःला रमवले, ती टिकत. मोठ्यांचेही तसेच असते. जर्मनीत सुमारे दोनशे प्रौढांना आठवडाभर दिवसातून अनेकदा विचारणा करून केलेल्या एका अभ्यासात असे दिसले, की ज्यांचा संयम चांगला आहे असे आपण म्हणतो, त्यांना मोहाशी झगडावेच कमी लागते. त्यांचा दिवसच असा लागलेला असतो, की मोह फारसा वाट्याला येत नाही.

आता करण्यासारखे काही. पीटर गोलवित्झर यांनी दाखवून दिले, की ‘मी अधिक अभ्यास करीन’ या संकल्पापेक्षा ‘अमुक घडले की मी तमुक ठिकाणी बसून तमुक काम करीन’ असे बांधलेले वाक्य कितीतरी अधिक वेळा तडीस जाते. खूण मात्र बाहेरची, रोज न चुकता येणारी आणि तुमच्या लहरीवर अवलंबून नसलेली हवी. तुमच्या वाड्यावर पहाटे पोदेर (पाववाला) येत असेल. त्याचा भोंगा वाजला की तोंड धुऊन टेबलाशी बसायचे आणि एकच उदाहरण सोडवायचे, असे कागदावर लिहून पाहा. 21 दिवसांत सवय लागते, हे जे सांगतात त्यावर विसंबू नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात एखादी साधी सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ 18 पासून 254 दिवसांपर्यंत पसरलेला होता, आणि त्याचा मध्य 66 दिवसांवर येत होता. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसे बिघडत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसले. चवथीचा तुमचा संकल्प मोडला तो बहुधा पहिल्या चुकलेल्या दिवशीच. खरे ना?

सहावा_अटेम्प्ट (मडगाव)

मास्तरांविषयी आणि ताईंविषयी आदर राखूनच लिहितो, की वरील चर्चा वाचून या तरुणाचा असा समज होऊ नये की निर्धार ही दुय्यम बाब आहे. मी सीए आहे आणि फायनल सहाव्या प्रयत्नात उत्तीर्ण झालो. पाचव्या निकालानंतर मला कुणी प्रयोगशाळेतील मुळे आणि बिस्किटे दाखवली असती, तर मी आनंदाने ते निमित्त पुढे करून पुस्तके रद्दीत घातली असती.

आपल्याच मातीतले उदाहरण घ्या. गायिका मोगूबाई कुर्डीकर दहा वर्षांच्या असताना त्यांची आई गेली. नाटक मंडळीत त्यांनी कामे केली. अल्लादिया खाँसाहेबांची तालीम सुरू झाली आणि खंडित झाली. मग खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडे शिकल्या, तीही तालीम थांबली. आणि तरीही त्या पुन्हा मोठ्या खाँसाहेबांकडे पोहोचल्या व गंडाबंध शागीर्द (गंडा बांधून रीतसर स्वीकारलेल्या शिष्या) झाल्या. प्रत्येक टप्प्यावर थांबायला रास्त कारण उपलब्ध होते. साळावली धरणाखाली त्यांचे कुर्डी गाव गेले आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे अवशेष वर येतात. मी तिथे एकदा गेलो आहे आणि सुकलेल्या चिखलात उभा राहून हाच विचार माझ्या मनात आला होता. दुसरे उदाहरण गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे यांचे. 1955 मध्ये पकडले गेलेले हे मराठीचे शिक्षक 1969 मध्ये पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले, म्हणजे गोवा मुक्त झाल्यानंतरही सात वर्षांहून अधिक काळ ते आत होते. तिथे त्यांना कोणता पोदेर उठवत होता?

एवढे बोलून झाल्यावर माझी स्वतःची चूकही सांगतो. पहिल्या पाच प्रयत्नांत माझा निर्धार सच्चा होता, पण तो सगळा मी तास वाढवण्यावर खर्च केला. पाचव्या खेपेनंतर एका सीनियरने दरडावून मला उत्तरपत्रिकांच्या प्रमाणित प्रती मागवायला लावल्या. ऑडिटच्या पेपरात मला सर्व येत होते. मी पानेच्या पाने लिहिली होती आणि नेमका जो निष्कर्ष विचारला होता, तो शेवटच्या ओळीत किंवा कुठेच नव्हता. परीक्षकाच्या लाल खुणा पाहून मला अक्षरशः घाम फुटला, कारण त्या चुका पाचही वेळा त्याच असणार. त्यानंतर मी तास कमी केले आणि दररोज एकच उत्तर घड्याळ लावून लिहिले.

मयेकाठ, तुमचे ऑडिटचे 44 गुण आहेत. त्यातील 30 गुणांच्या बहुपर्यायी प्रश्नांत किती आले आणि 70 गुणांच्या लेखी भागात किती, हे वेगळे काढलेत का? निकालानंतर महिनाभराच्या आत प्रतींसाठी अर्ज करता येतो. आधी तो करा. सात गुण कुठे गेले ते पाहिल्याशिवाय चौथा प्रयत्न करणे म्हणजे चालान न बघता ताळेबंद जुळवायला बसणे होय.

मन_शिकवते (म्हापसा)

सहावा_अटेम्प्ट, उत्तरपत्रिकांचा मुद्दा माझ्या सगळ्या लिखाणापेक्षा उपयोगी आहे, हे मोकळेपणाने मान्य करते.

मोगूबाईंविषयी मात्र एक शंका. त्यांच्या काळात गोव्यातून मुंबईला गेलेल्या आणि तालीम खंडित झालेल्या मुली किती असतील? त्यांच्यापैकी ज्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, त्यांचा निर्धार कमी होता असे मानायला आपल्याजवळ काय आधार आहे? मयेकाठच्या वडिलांचे उदाहरण वरच आहे. खाण चालू राहिली असती, तर हप्ते भरत दम धरणारा तोच माणूस आज गावात जिद्दीचा नमुना म्हणून दाखवला गेला असता.

सहावा_अटेम्प्ट (मडगाव)

हे मला खोडता येत नाही. पण ज्याच्या हाती उद्याचा पेपर आहे त्याने या शंकेचे काय करायचे, तेही सांगा.

निवृत्त_मास्तर (फोंडा)

थोडे मध्ये बोलतो. दोघांच्या म्हणण्यातून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर निघते असे मला वाटते. ट्रकचा दम आणि परीक्षेचा दम यांत फरक हा, की खाण कधी सुरू होईल हे डिचोलीत बसून कुणालाच कळत नव्हते आणि कितीही हप्ते भरले तरी त्याविषयी नवे काही कळणार नव्हते. परीक्षेत प्रत्येक खेपेस गुणपत्रिका हाती येते, उत्तरपत्रिका मागवता येते, काय चुकले ते समजते. जोवर दर खेपेला काही नवे समजत आहे, तोवर टिकून राहण्यात अर्थ आहे. त्याच सात गुणांनी, त्याच चुकांनी आणखी दोनदा मागे राहिलात, तर थांबण्याचा विचार करण्यात कमीपणा मानू नका. आणि वडिलांना दोष देऊ नका. हप्ता बुडवू नये हे आम्हीच, शाळेत, त्यांच्या पिढीला शिकवले होते.

मयेकाठ (डिचोली)

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर दिले नाही, कारण आधी काही करून मगच लिहावे असे वाटले.

मास्तर, मी रात्री साडेबाराला झोपतो आणि साडेसहाला उठतो. त्यातही नऊ ते साडेबारा या वेळेत प्रत्यक्ष अभ्यास किती होतो, हे पहिल्यांदाच घड्याळ लावून मोजले. पहिल्या रात्री 50 मिनिटे आणि दुसऱ्या रात्री 35. बाकीचा वेळ मी टेबलाशी बसून स्वतःला दोष देण्यात घालवत होतो, असे म्हणावे लागेल. आता दहाला झोपायचे ठरवले आहे.

सर, तिन्ही पेपरांच्या प्रतींसाठी अर्ज केला. आपण म्हणता तसे 44 गुण वेगळे काढायला हवेत, हे मला कधी सुचलेच नव्हते. मी दर वेळी बेरजेकडेच पाहत राहिलो. ऑफिसमधील वरिष्ठांशी बोलून आणखी दोन प्रयत्नांची मर्यादाही ठरवून घेतली आहे, आणि ती आईबाबांना सांगितली. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘मलाही तेव्हा कुणीतरी तारीख घालून द्यायला हवी होती.’ खाणीच्या त्या वर्षांविषयी ते आपण होऊन बोलल्याचे मला तरी आठवत नाही.

मोबाइल आईकडे दिला आहे. तिने तो तांदळाच्या डब्यावर ठेवला आणि वर झाकण म्हणून सूप पालथे घातले.

ताई, आपण सांगितलेले वाक्य कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवले: ‘पोदेराचा भोंगा वाजला की तोंड धुऊन टेबलाशी बसायचे आणि एक उदाहरण सोडवायचे.’ काल ते अगदी तंतोतंत जमले, पावणेसहाला बसलो आणि इंड-एएस 115 ची पाचवी ओळ ओलांडून पुढे गेलो. आज पहाटेपासून पाऊस कोसळत होता. पोदेर साडेसहा वाजले तरी आला नाही आणि मी अंथरुणात जागाच पडून त्याच्या भोंग्याची वाट पाहत राहिलो. तेव्हा कागदावर दुसरी ओळ वाढवली आहे: ‘पोदेर सहापर्यंत आला नाही, तर छत्री घेऊन पाव आणायला आपणच नाक्यावर जायचे आणि परत आल्यावर बसायचे.’ आई म्हणते, ही ओळ तिला पहिलीपेक्षा बरी वाटते.